बिनतिकिटाचं पिंप

नाव

कोठारातल्या फळ्यावर आकडा होता.

त्या फळ्यावर जेरार तार्दीफ आयुष्यभर दोनच गोष्टी लिहीत आला होता: कुठल्या कप्प्यात कुठल्या शेताचा बटाटा आहे, आणि आतलं तापमान किती. बाप रोझेर होता तेव्हा तोही तेच लिहायचा. आज फळा पार पुसलेला होता. ओल्या फडक्याचे ओघळ वाळून पांढरे पट्टे उमटले होते आणि मधोमध, हातभर उंच, एवढंच: १४१०.

एस्टेल दारातच थांबली. पोर्टलंडहून पाच तास गाडी चालवून ती काल आली होती, सकाळी सगळ्यांबरोबर बापाच्या थडग्यावर शेवंती ठेवून आली होती, पण कोठारात पाऊल आत्ता पडत होतं. खाली अंधारात वर्षाचं सगळं पीक श्वास घेत पडलं होतं. बटाटा काढल्यावरही श्वास घेतो, हे तिला बापाने याच दारात सांगितलं होतं. त्या उबदार मातकट वासात तो आकडा देवळातल्या पाटीसारखा दिसत होता.

"अठरा दिवस झाले, स्टेल," जेरार म्हणाला. "पुसायला हात धजत नाही. ट्रकवाले येतात ना, टोपी काढतात. शपथ! लुसियनने विचारलं, हे पौंड की टन?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, पोरीच्या डोक्याचं वजन आहे."

"सोळाशेपैकी ना?"

"सोळाशेपैकी. आपल्या शाळेत बारा वर्षांत कुणाला एवढे नाहीत. मास्तरीणबाईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पोरीने काहीतरी फोडलं." तो हसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि बहिणीसमोर ते त्याला लपवताही येईनात. "काढणीच्या सुट्टीतला शनिवार होता. मी बटाटे काढायचं यंत्र थांबवलं नाही. पहाटे चारला एकटी गाडी घेऊन बँगोरला गेली, परीक्षा दिली, आणि दुपारी चारला पट्ट्यावर दगड वेचायला परत उभी. मी विचारलं, कशी गेली? म्हणाली, 'ठीक. खालची साखळी सैल झालीय, आवाज येतोय.'"

एस्टेलला भाचीचा अभिमान वाटत होता. म्हणूनच पुढचं वाक्य तिने घाईने उरकलं.

"जेरार, हा आकडा कॉलेजला पाठवायचा नाही."

पत्ता

या घराला क्रमांक नाही. अर्जात क्रमांकाशिवाय पुढे जाता येत नाही. जेरारच्या लेकीने, आनिकने, तीनदा प्रयत्न करून शेवटी शून्य टाकलं.

घरात कोण कोण

टेबलावर कोंबडीचा रस्सा होता आणि फडक्यात गुंडाळलेली प्लॉयची, म्हणजे कुट्टूच्या पातळ धिरड्यांची, चळत. ती एका बाजूने भाजायची, उलटायची नाहीत. एस्टेलची वहिनी नोएला ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसे. टेबलाच्या एका टोकाला आल्बर्टीन मेमेर, एस्टेलची आई आणि आनिकची आजी, वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत. दुसऱ्या टोकाला आनिक, समोर लॅपटॉप. अर्ज आजच जायला हवा होता, पहिल्या नोव्हेंबरला. मुदत मध्यरात्रीपर्यंत असली तरी रेडिओ चारनंतर हिमवादळ सांगत होता आणि वारा सुटला की छपरावरची तबकडी हलून नेट जायचं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मातांत, पुन्हा सांग ना," आनिक म्हणाली. आत्याला ती लहानपणापासून मातांतच म्हणायची. "बाबांना नीट."

एस्टेलने फोन काढला. थिओच्या वेळी, म्हणजे तिच्या मुलाच्या वेळी, त्यांनी एक सल्लागार बाई लावली होती. तिने दिलेला तक्ता अजून फोनमध्ये होता.

"हे कॉलेज आता परीक्षेचे गुण मागत नाही. साथ आली, परीक्षेची केंद्रं बंद पडली, तेव्हापासून. पाठवायचे तर पाठवा, नाहीतर राहू द्या. गेल्या वर्षी ज्यांनी पाठवले आणि ज्यांना घेतलं, त्यातल्या निम्म्या पोरांना पंधराशे दहाच्या वर होते. नियम सोपा आहे. त्याच्या खाली असाल तर रकाना कोरा ठेवायचा. थिओला चौदाशे ऐंशी होते. नाही पाठवले. मिळालं त्याला."

"चौदाशे ऐंशी आणि नाही पाठवले?" जेरारच्या हातातला प्लॉय रश्श्यात पडला. "लाज वाटली?"

"लाज कसली! डाव असतो तो."

"म्हणजे चाळणीच की. सव्वादोन इंचाखालचा बटाटा साखळीतून खाली पडतो. तू म्हणतेस, पोरीला चाळणीवर ठेवूच नका."

"हो. तसंच समज."

"माझा बटाटा सव्वादोनच्या वर आहे!"

"तुझ्या शेतात, जेरार. त्यांच्या नाही."

हे जरा जास्तच लागलं. जेरारने प्लॉय बोटांनी बाहेर काढला आणि तसाच तोंडात कोंबला.

तेवढ्यात नोएला तव्यापाशी उभ्या उभ्या बोलली. "मला स्टेलचं पटतं. नको पाठवायला. आणि कोरं ठेवायला हरकत काय आहे? ती बुशार्डांची मुलगी, आई इस्पितळात असताना परीक्षेला बसली, बिचारीचा आकडा बघवत नव्हता. नाही पाठवला. विद्यापीठाने घेतली, आता नर्स होईल पुढच्या वर्षी. ही सोय आहे, वापरावी."

एस्टेलला बरं वाटलं. याआधी वहिनी कधी तिच्या बाजूने बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. मग नोएलाने आनिकच्या ताटलीत न मागता आणखी एक प्लॉय ठेवला, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि हात काढायला विसरली. त्या हाताकडे बघताना एस्टेलच्या लक्षात आलं. नोएलाला गुण पाठवायचे नव्हते, कारण तिला पोरगी पाठवायची नव्हती. वीस मैलांवर दुसरं कॉलेज होतं. रविवारी जेवायला येता येण्यासारखं.

आपण दोघी एकच वाक्य बोलतोय, एस्टेलच्या मनात आलं, आणि यातली एक खोटं बोलतेय. कोण, ते तिला ठरवता येईना.

"तुझं काय म्हणणं आहे?" जेरारने लेकीला विचारलं.

"मी 'नाही'वर खूण केलीय केव्हाच," आनिक म्हणाली. "पंधराशे दहा, बाबा. मी शंभराने खाली आहे. त्यांनी बघितलं तर हसतील."

इतका वेळ मेमेर रश्श्यात प्लॉयचा तुकडा घोळवत होती. तो तिने ताटलीत ठेवून दिला.

उपक्रम (जास्तीत जास्त दहा)

आनिकने लिहिलं होतं: वाचन.

"एवढंच?" एस्टेलने स्क्रीनकडे वाकून विचारलं. "थिओने दहाही भरले होते. वादविवाद, होड्या, कासवं वाचवणं..."

"आमच्याकडे कासवं नाहीत, मातांत."

"अगं, पण काढणी? बाराव्या वर्षापासून तू यंत्रावर उभी आहेस!"

"ते सगळेच करतात," आनिक म्हणाली. "शाळाच बंद असते त्यासाठी. त्यात काय लिहायचं?"

आणि मेमेरला दर महिन्याला डॉक्टरकडे नेऊन दोन्ही भाषांमध्ये बोलणं पोचवणं? तेही सगळेच करतात. साखळी तुटली की दुरुस्त करणं? बाबा असतात ना शेजारी.

तिच्या स्वरात कुरकुर नव्हती, नम्रताही नव्हती. खरोखरच तिला त्यात सांगण्यासारखं काही दिसत नव्हतं. एस्टेल तिच्याकडे बघत राहिली. सतरा वर्षांची, नखांत अजून माती, आणि डोक्यात असं काहीतरी चाललेलं की बारा वर्षांत या खोऱ्यात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात चाललं नव्हतं. आणि तीच पोर अर्जात शून्य क्रमांकाच्या घरी राहून वाचन करत होती.

परीक्षेचे गुण (ऐच्छिक)

"हसतील म्हणजे कोण हसतील?" मेमेरने फ्रेंचमध्ये विचारलं.

"कॉलेजवाले, मेमेर."

"ते बटाटे काढतात का?"

"नाही."

"मग गप्प बस आणि ऐक. जेरार, ते खोकं आण. कपाटातलं, बटणांचं."

खोक्यात बटणं होती, तुटकी जपमाळ होती आणि तळाशी रबरात बांधलेली पुठ्ठ्याची तिकिटं, काडेपेटीएवढी, प्रत्येकावर शाईने एकच आकडा: २७. एस्टेल लहानपणी त्यांच्याशी दुकान-दुकान खेळली होती. ती कशाची, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"तेव्हा यंत्र नव्हतं," मेमेर सांगू लागली. "हाताने वेचायचं, टोपलीत भरायचं, टोपली पिंपात रिकामी करायची. पिंप भरलं की त्याच्या कडीत आपलं तिकीट खोचायचं. मी सत्तावीस. संध्याकाळी गाडी फिरायची, शेतमालक हॅस्कलचा माणूस तिकिटं काढून घ्यायचा आणि वहीत लिहायचा, सत्तावीस नंबरची इतकी पिंपं. मी अकरा वर्षांची. शेजारच्या ओळीत वीलफ्रेड नादो. दिवसाला शंभर पिंपं भरायचा तो बैल."

"नादो? पाद्रीबाबांचा भाऊ?" जेरारने विचारलं.

"तोच. सोमवारी माझी अडतीस झाली. माणसाने मोठ्याने वाचलं: नादो, एकशे चार. सत्तावीस, अडतीस. नादो माझ्याकडे बघून हसला. शाळेत फ्रेंच बोलले म्हणून बाई हातावर पट्टी मारायच्या, तेव्हा मी रडले नव्हते. त्या हसण्याने रडले."

सगळे खायचे थांबले होते. नोएलाने तव्याखालचा गॅस बंद केला.

"मंगळवारी मी तिकिटं लावलीच नाहीत. सगळी खिशात ठेवली. दिवसभर वेचलं, कंबर मोडेपर्यंत. पिंपं भरली आणि तशीच सोडली. म्हटलं, वाचूच नका माझा आकडा."

"मग?" आनिकने विचारलं.

"संध्याकाळी वाचलं: नादो, नव्व्याण्णव. मग अठ्ठावीस नंबर. मग एकोणतीस. माझा नंबर आलाच नाही. मला इतकं हलकं वाटलं! आणि मग हॅस्कल स्वतः माझ्या बापापाशी आला आणि म्हणाला..." मेमेर इथे इंग्रजीत बोलली, ऐंशी वर्षांत न सुटलेल्या हेलात, "'तुझी पोरगी आजारी होती का आज?'"

आनिकने लॅपटॉप बाजूला सरकवला.

"बाप माझ्याकडे बघतोय. दिवसभर त्याने मला वेचताना बघितलेलं. माझे हात बघतोय. त्याला काय बोलावं कळेना. मालकाला 'हो' म्हणाला. हो साहेब, आजारी होती."

"आणि पिंपं?"

"गाडीत चढली. बटाटा तर होताच ना. फक्त कुणाचा नव्हता." तिने एक तिकीट बोटांत धरलं. बोटं वाकडी होती, तिकीट सरळ. "पण ते नाही मला लागलं. मला काय लागलं सांगू? माझी ओळ टेकाडावरची होती. तिथे एका बटाट्याला तीन दगड. नादोची नदीकाठची, लोण्यासारखी माती. हे हॅस्कलला ठाऊक होतं. शेत त्याचं होतं! सोमवारी अडतीस ऐकल्यावर तो वळून टेकाडाकडे बघत होता. मी बघितलं त्याला बघताना. तेव्हा मला अर्थ कळला नाही. मंगळवारी त्याला बघायला मी काही ठेवलंच नाही."

शाळेची माहिती (शाळेने भरावी)

"हे कॉलेजला जातंच," आनिक हळूच म्हणाली. तिने दुसरी खिडकी उघडली होती. "आपल्या शाळेचं पत्रक. अर्जासोबत शाळा पाठवते. वर्गात एकोणतीस मुलं. परीक्षेची सरासरी नऊशे तीस. काढणीसाठी शाळा तीन आठवडे बंद, तेही लिहिलंय."

"म्हणजे टेकाड त्यांना दिसतं," जेरार म्हणाला.

"टेकाड दिसतं. फक्त माझी पिंपं..." तिने वाक्य सोडून दिलं.

एस्टेलने फोन उचलला. तक्ता तोच होता. थिओच्या शाळेची सरासरी तिला पाठ होती: तेराशे चाळीस. नदीकाठ. तिथल्या चौदाशे ऐंशीला कुणी मान वळवून बघितलं नसतं. सल्लागार बाई खोटं बोलली नव्हती. ती दुसऱ्या शेताबद्दल बोलत होती आणि एस्टेलने ते पाच तास गाडी चालवून इथे आणलं होतं.

तीन वाजायला वीस मिनिटं होती. खिडकीबाहेर वाऱ्याने अंगणातली बादली आडवी पाडली.

आणखी काही सांगायचं आहे?

"मला एक हजार ऐंशी होते," एस्टेल म्हणाली.

कुणालाच कळलं नाही.

"अठ्ठ्याऐंशी साली. हीच परीक्षा. पाकीट आलं ते मी टपालपेटीतून आधी काढून घेतलं. वाचनालयात कॉलेजांचं एक जाडं पुस्तक होतं. त्यात मला हव्या त्या कॉलेजपुढे बाराशे लिहिलं होतं. मी एकशे वीसने खाली. घरी आले, मामां, तू गोठ्यात होतीस, मी पाकीट चुलीत घातलं. ते आनिकचं कॉलेज नव्हे, किनाऱ्यावरचं दुसरं. ते तेव्हाही गुण मागत नव्हतं. अर्जात मी रकाना कोरा ठेवला."

"आणि त्यांनी नाही म्हटलं," मेमेर म्हणाली.

"हो. का ते कळलं नाही. कदाचित आकडा पाठवूनही नाहीच म्हटलं असतं. पण मी तुम्हाला सांगितलं, मला जायचंच नाही."

जेरार उभा राहिला होता.

"एक हजार ऐंशी?"

"ओरडू नकोस."

"स्टेल, मला सातशे वीस होते. सातशे वीस! आणि बाबांनी मला घड्याळ दिलं! हे बघ, हे! अजून चालतं!" त्याने मनगट सगळ्यांसमोर नाचवलं. "तुझ्या वर्गात हजाराच्या वर कुणी नव्हतं. कुणीच. फादरनी विचारलं होतं सगळ्यांना. तुला विचारलं तर तू म्हणालीस, आठवत नाही. आम्हाला वाटलं, फार कमी पडले असतील, म्हणून कुणी पुन्हा तो विषय काढला नाही. चौतीस वर्षं मी तुझ्यासमोर शाळेचं नाव घेत नव्हतो, तुला वाईट वाटेल म्हणून!"

आनिक हसली. मग तिला हसू आवरेना, मग नोएलालाही, आणि एस्टेलने हसता हसता टेबलावर डोकं टेकलं. तिच्या पाठीवर एक हात आला. वाकडी बोटं. आईने तिला असं थोपटल्याला किती वर्षं झाली ते तिला मोजता आलं नसतं.

"अकरा वर्षांच्या पोरीचं मी कुणाला सांगितलं नाही," मेमेर तिच्या कानापाशी म्हणाली. "सांगायला हवं होतं. तुला तरी."

एस्टेलने डोकं वर केलं तेव्हा नोएला आनिकच्या शेजारी खुर्ची ओढून बसत होती.

"सरक," नोएला म्हणाली. "ते उपक्रमाचं पान उघड. वाचन नंतर. आधी लिही: यंत्रावर, पाच हंगाम."

"मामां, तू तर म्हणत होतीस..."

"मी काय म्हणत होते ते मला माहीत आहे." नोएलाने स्क्रीनवर बोट ठेवलं. "चार माणसांच्या पट्ट्यावर तू मुकादम होतीस ना या वर्षी? लिही. मेमेरची दुभाषी, सहा वर्षं. लिही. जनरेटर बंद पडला तेव्हा कोठाराचं तापमान रात्रभर कुणी सांभाळलं? आणि स्पेलिंग बघ, परीक्षेचे सगळे गुण वाया जातील."

ती सांगत होती आणि पोरगी लिहीत होती. प्रत्येक ओळीगणिक पोरगी या स्वयंपाकघरापासून थोडी लांब जात होती, हे त्या खोलीत सगळ्यात नीट नोएलालाच कळत होतं. ती थांबली नाही. एस्टेलने आयुष्यात या बाईला बऱ्याच गोष्टी म्हटल्या होत्या, बहुतेक मनातल्या मनात. आज तिच्याकडे बघताना तिला बापाच्या थडग्यापाशीही वाटलं नव्हतं तसं काहीतरी वाटलं. उठून टोपी काढावी, असं.

सही

सव्वातीनला आनिक गुणांच्या रकान्यावर परत आली. 'नाही'वरची खूण काढली. आकडे टाकताना तिने ते मोठ्याने म्हटले, एक, चार, एक, शून्य. जेरारने छातीवर क्रूसाची खूण केली.

"हसले तर?" तिने एस्टेलला विचारलं.

एस्टेलला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. "हसतीलही," ती म्हणाली. "पण तू आजारी होतीस असं तरी कुणी म्हणणार नाही."

आनिकने बटण दाबलं. एक गोल फिरू लागला, फिरतच राहिला. वाऱ्याचा एक झोत आला, छपरावर तबकडी कण्हली. मग हिरवी खूण आली. त्यानंतर सात मिनिटांनी नेट गेलं, ते दोन दिवस आलं नाही.

आवराआवर होण्याआधीच मेमेरने कोट मागितला.

"आता कुठे?"

"कोठारात. फळा बघायचाय. सगळ्या खोऱ्याने बघितला, मला कुणी नेलं नाही."

जेरारने तिला जवळजवळ उचलूनच नेलं. दारात ती थांबली, सकाळी एस्टेल थांबली होती तिथेच. खालून उबदार वास आला. १४१० कडे ती बराच वेळ बघत राहिली, मान थोडी मागे टाकून, चर्चच्या छताकडे बघावं तशी. ओठ हलत होते. आकडा वाचत होती की प्रार्थना म्हणत होती, ते कळलं नाही.

"खडू," ती म्हणाली.

पोरीच्या आकड्याच्या वर, फळ्याच्या कोपऱ्यात, तिने दोन अंक काढले, शाळेत पट्टीच्या धाकाने गिरवलेल्या वळणदार अंकांत: ३८. मग मागे न बघता खडू मागे धरून उभी राहिली. एस्टेलला तो घ्यावा लागला.

खडू हातात किती हलका असतो, हे ती विसरली होती. तिने १ लिहिला. ० लिहिलं. आठाशी हात थांबला. मागे भाऊ होता, वहिनी होती, पोर होती. तिने आठ पूर्ण केला, शेवटचं शून्य काढलं आणि बाजूला झाली.

"बाबा," आनिक म्हणाली, "मग तापमान कुठे लिहिणार तुम्ही?"

जेरार फळ्याकडे बघत होता. त्याने टोपी केव्हाच काढली होती.

"दारावर," तो म्हणाला.